वजनाच्या तक्त्यातील ४३.१ किलो

लातूरच्या बाजार समितीच्या आवारातील एका आडत दुकानात मी हिशोब लिहितो. सोयाबीनची आवक, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांचे आकडे दिवसभर माझ्या नजरेखालून जातात. अशा माणसाला व्यायामाच्या नावाखाली चार महिने खोट्या आकड्यांवर झुलवता आले, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण ज्या रीतीने माझे पैसे गेले तीच रीत परभणी आणि नांदेडला राहणाऱ्या माझ्या दोन मेहुण्यांच्याही वाट्याला थोड्याफार फरकाने आली आहे.

माझे वय ३४ आणि वजन ६१ किलो. अंगावर थोडे मांस चढावे आणि ताकदही वाढावी, एवढ्याच हेतूने जानेवारीत मी एका जिममध्ये नाव घातले. तेथील ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगितले, "प्रत्येकाची बॉडी वेगळी असते, दादा. तुमचा प्रोग्राम मी स्वतः रात्री बसून बनवतो." सहा महिन्यांच्या या खास कार्यक्रमाचे १८,००० रुपये ठरले. त्यांपैकी ९,००० मी फोनवरून त्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले आणि उरलेले रोख दिले. पावती मागितली नाही. दुकानातून एक पोते बाहेर जाताना कागद झाला नाही तर मी हमालाला थांबवतो, पण तेथे मात्र गप्प बसलो.

मिळालेला कार्यक्रम आठवड्यातून सहा दिवसांचा होता. रोज शरीराचा एकच भाग घ्यायचा, आणि दर आठवड्याला त्या भागाचे सगळे व्यायाम बदलायचे. स्नायूंना गोंधळात टाकले की ते वाढतात, असे त्याचे म्हणणे होते. हे ऐकायला शास्त्रीय वाटते, आणि खरी मेख येथेच आहे. या आठवड्यात रॉडचा बेंचप्रेस (बाकावर झोपून वजन छातीवरून वर ढकलणे), पुढच्या आठवड्यात डंबेल, त्यापुढे मशीन असे चालले, तर कोणत्याही दोन आठवड्यांची तुलनाच करता येत नाही. ताकद वाढली की तेथेच थांबली, हे विचारायला आधारच उरत नाही. त्या तक्त्यात मागील वेळचे वजन लिहिण्यासाठी रकानाही नव्हता. मागील बाकी न दाखवता रोज नवे पान उघडणारा मुनीम आमच्या बाजारात आठवडाभर टिकणार नाही.

वास्तविक स्नायूंना गोंधळ नको असतो, हळूहळू वाढणारा भार हवा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने पेलवेल तेवढ्या वजनाने सुरुवात करून ते टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत नीट बसवली, आणि आजचा कोणताही चांगला कार्यक्रम त्याच पायावर उभा असतो. हे मला नंतर वाचून समजले. त्या वेळी मी खूश होतो, कारण पहिल्याच महिन्यात वजन ६४ किलो झाले होते. त्याच्याकडूनच ५,२०० रुपयांना घेतलेल्या मास गेनरच्या, म्हणजे वजन वाढवणाऱ्या पावडरीच्या, डब्यातील पिष्टमय पदार्थांचा आणि अंगात धरलेल्या पाण्याचा तो परिणाम असावा, कारण कंबर दोन इंच वाढली होती आणि स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन काढायच्या बैठकांचे, वजन जानेवारीत ४० किलो होते ते एप्रिलअखेर जेमतेम ४५ वर आले होते.

एप्रिलअखेर त्याने 'पुढच्या टप्प्याचा' छापील तक्ता दिला. त्यात स्क्वॉटसाठी ४३.१, ६१.२, ८३.९ आणि १०२.१ किलो असे आकडे होते. ज्या जिममध्ये अडीच किलोपेक्षा लहान प्लेटच नाही, तेथे दोन्ही बाजूंना प्लेट लावताना वजन पाच-पाच किलोंनीच वाढते, मग ४३.१ किलो लावायचे कसे, असे मी विचारले. "जवळपास धरा ना, दादा," एवढेच उत्तर मिळाले. दशांश चिन्हानंतरचा आकडा लिहायचा आणि वर जवळपास धरा म्हणायचे, हे मला पटेना. रात्री दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर बसलो. एक पाउंड म्हणजे ०.४५३६ किलो. त्या हिशोबाने हे चार आकडे म्हणजे ९५, १३५, १८५ आणि २२५ पाउंड. अमेरिकेत रॉड ४५ पाउंडांचा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी ४५ पाउंडांची एकेक प्लेट लावली की १३५ होतात आणि दोन-दोन लावल्या की २२५. म्हणजे रात्री बसून माझ्यासाठी बनवलेला हा कार्यक्रम अमेरिकन जिमसाठी लिहिलेला, कोठून तरी उचललेला आणि पाउंडांचे किलो करून छापलेला होता. दुसऱ्या दिवशी गुडघेदुखी असलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना आणि अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला त्यांचे तक्ते दाखवायला सांगितले. तिन्ही तक्त्यांवर हेच चार आकडे होते.

मग डब्याकडे लक्ष गेले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ अंकी असतो. माझ्या डब्यावरील क्रमांकात १३ अंक होते. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर जो दुसरा, न फोडलेला डबा ठेवला, तो रिकाम्या डब्याचे वजन वजा करता छापील वजनापेक्षा ९० ग्रॅम कमी भरला. याविषयी छेडल्यावर ट्रेनरने विषय बदलला आणि वाढ थांबली असेल तर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा कोर्स करा, असे हळूच सुचवले. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि बाहेरून घेतल्यास शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते, शुक्रजंतूही घटतात. मी त्याच दिवशी तेथे जाणे बंद केले. दुसऱ्या कोणी हे सुचवले तर त्याच्याशी पुढे बोलूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मी आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम करतो. स्क्वॉट, बेंचप्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभे राहणे), डोक्यावर रॉड उचलणे आणि वाकून रॉड ओढणे हे पाच व्यायाम आलटून पालटून असतात. प्रत्येकाचे तीन सेट म्हणजे फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच ते आठ रेप्स म्हणजे वेळा, आणि ते नीट झाले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त. त्यासाठी सव्वा किलोच्या दोन प्लेटा मी स्वतः विकत घेतल्या. वजन हलके असो वा जड, सेट थकव्याच्या जवळ नेला तर स्नायूंचा आकार दोन्हींनी वाढतो, पण ताकदीसाठी जड वजनाला पर्याय नाही. म्हणून दोन्ही हवे असणाऱ्या नवख्या माणसाला हा साधा कार्यक्रम पुरतो. तीन महिन्यांत स्क्वॉट ४५ वरून ८० किलोवर गेला. वहीत प्रत्येक दिवसाची नोंद आहे.

प्रथिनांसाठीही डबा घेतला नाही. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे मला शंभरेक ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतही तेवढीच, एका अंड्यात सहा. उरलेली डाळ, दूध आणि भाकरीतून निघतात. ज्या सोयाबीनच्या पट्ट्या मी रोज लिहितो, तेच सोडून मी ५,२०० रुपयांचा डबा घेत होतो.

पैशांसाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोनवरून पाठवलेल्या ९,००० रुपयांचा पुरावा असल्याने जिमच्या मालकांनी बोलणी करून तेवढी रक्कम परत केली. रोख दिलेल्या पैशांबाबत मात्र ते घेतलेच नाहीत, असे उत्तर आले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून तो अर्ज मी तयार करतो आहे. सोबत जोडण्यासाठी तिन्ही तक्त्यांच्या प्रती मिळाल्या आहेत. गुडघेदुखीच्या त्या गृहस्थांनी साक्ष देण्याचेही कबूल केले आहे. विद्यार्थी अजून तयार नाही, कारण त्याचा सहा महिन्यांचा हप्ता ऑगस्टपर्यंत भरलेला आहे.