टाइमशेअर घेऊन अडीच वर्षं झाली: आमचा हिशेब आणि आमचा अनुभव

जुलै 2023 मध्ये आम्ही एका हॉलिडे कंपनीची 25 वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप घेतली, म्हणजे तिच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क. वर्षाला 7 रात्री, एक बेडरूमचं अपार्टमेंट, हंगाम मधला (ना गर्दीचा, ना ऑफ सीझन), किंमत 3,95,000 रुपये. माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी सध्या अशाच मेंबरशिपसाठी फोन येताहेत आणि दोघींनीही मला विचारलं, "घेऊ का ग?" फोनवर सांगून संपत नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी घरची माहिती, कारण या व्यवहारात घर कसं आहे यावरच सगळं ठरतं. मी बेळगाव तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. मिस्टरांचं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सासूबाई 74 वर्षांच्या, मुलगी यंदा पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), मुलगा आठवीत. वन्सं कोल्हापूरला असतात.

सुरुवात एका प्रदर्शनात भरलेल्या कुपनापासून झाली. आठवड्याभरात फोन आला: बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी मिळून हॉटेलात या. दोघांनीच यायचं हा त्यांचा आग्रह असतो, म्हणजे "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय राहत नाही. तीन तास बसवलं. फोटो दाखवले, चहा दिला, मुलांना चॉकलेटं दिली आणि शेवटी सांगितलं की ही किंमत आजच्या दिवसापुरतीच आहे. आम्ही सही केली. तिथं एक प्रश्न विचारायला हवा होता, तो सुचलाच नाही: यातलं तुम्ही सांगताय ते करारात कुठल्या पानावर लिहिलंय? "सुट्टीत कधीही मिळेल" हे वाक्य करारात नव्हतं. तिथं "उपलब्धतेनुसार" असं होतं. करार इंग्रजीत, बारीक टायपात. मी तो नीट वाचला तेव्हा सही मागं घेण्याची आमच्या करारातली 10 दिवसांची मुदत उलटून गेली होती. युरोपात अशा करारातून 14 दिवसांत बाहेर पडायचा हक्क कायद्यानंच दिलाय. आपल्याकडं टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळं करारात जे छापलंय तेच आधी बघावं लागतं.

आता चांगलं काय ते सांगते, कारण ते खरोखर चांगलं होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाबळेश्वरला 3 रात्री राहिलो आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत कोडगूला (कूर्गला) 5 रात्री. कोडगू जिल्ह्यात रेल्वे नाही. बेळगावहून म्हैसूरपर्यंत गाडीनं गेलो आणि पुढं टॅक्सी केली. खोल्या फोटोत होत्या तशाच निघाल्या, स्वच्छ आणि ऐसपैस. हॉटेलात पाच माणसांना दोन खोल्या घ्याव्या लागतात, मग सासूबाई आणि मुलं एकीकडं, आम्ही दुसरीकडं. इथं एकच घर असल्यासारखं होतं. बैठकीत सोफ्याचा पलंग होतो, छोटं स्वयंपाकघर असतं, फ्रीज असतो. सासूबाई ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी घेऊन आल्या होत्या. तवा नव्हता, मागितल्यावर आणून दिला. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातली मुलगी कोडगूचीच. सासूबाईंचं बालपण गोकाकजवळ गेलेलं, कन्नड घरच्यासारखं. दोघी अर्धा तास भाकरी आणि अक्की रोट्टी (तिकडची तांदळाची भाकरी) यांच्यावर बोलत बसल्या. तलकावेरीला, म्हणजे कावेरीच्या उगमाला, पायऱ्या चढून वर जाऊन आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या मामांबरोबर यायचं राहून गेलं होतं." मामा म्हणजे माझे सासरे. पैसे भरले नसते तर आम्ही इतक्या लांब त्यांना घेऊन गेलो असतो का, असं मी स्वतःला विचारलं. नसतो गेलो. भरलेल्या पैशामुळं माणूस घराबाहेर पडतो, ही या योजनेतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

पण तिथंही 7 रात्री काही राहता आलं नाही. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते, कामगारांना त्या दिवशी मालक हजर लागतो. 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता, म्हणून 10 तारखेला आम्ही घरी. सलग 7 रात्री बाहेर राहणं आमच्यासारख्या घराला जमतच नाही. 3, 4 किंवा 5 रात्रींचे तुकडे करता येतात, पण शनिवार-रविवार धरून छोटं बुकिंग मागितलं की जागा मिळणं अवघड जातं.

हंगामाचा मुद्दा बेळगावच्या माणसानं नीट समजून घ्यायला हवा. कंपनी वर्षाचे 52 आठवडे आखते आणि त्यांची गर्दीचा, मधला आणि ऑफ सीझन अशी वाटणी करते. आठवडे ठरलेले असतात, आपले सण तिथीप्रमाणं सरकतात. 2023 चा दसरा 24 ऑक्टोबरला आला, तो आठवडा आमच्या हंगामात बसतच नव्हता, म्हणून 2023 कोरडं गेलं. 2024 ला बसला. शिवाय कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची असते, दिवाळीला चारच दिवस. वन्संच्या मुलांना कोल्हापुरात दिवाळीची मोठी सुट्टी. दोन्ही घरं मिळून जाऊ म्हणून एक बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं, ते एकदाही जमलं नाही.

याच गोष्टीचा फायदाही होतो, तो मात्र आम्हाला कुणी सांगितला नव्हता. आमच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात. तेव्हा महाराष्ट्रात परीक्षा चालू असतात, त्यामुळं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जागा सहज मिळते. 2025 ला गोव्यात 3 रात्री अशाच मिळाल्या. पण गोवा आपल्याला काय लांब? चोर्ला घाटानं सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला समुद्रावर. आंबोली, दांडेली तर त्याहून जवळ. या ठिकाणी आपण एक रात्र राहतो नाहीतर संध्याकाळी परत येतो. अशा जागांवर मेंबरशिपच्या रात्री खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. घेणार असाल तर लांबच्या जागांसाठीच घ्या.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते मागच्या वर्षी. 2025 च्या दसऱ्याच्या सुट्टीसाठी उटीच्या 4 रात्री मी चार महिने आधी बुक केल्या होत्या. 22 सप्टेंबरपासून राज्यात सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं आणि आम्हा शिक्षकांना घरोघर माहिती घेणारे गणतीदार म्हणून नेमलं. 7 ऑक्टोबरला संपायचं ते काम पुढं 18 पर्यंत वाढलं. आदेश हातात आला तेव्हा मुक्कामाला 15 दिवसांपेक्षा कमी राहिले होते. करारानुसार अशा वेळी रद्द केलं तर रात्री परत मिळत नाहीत. आदेशाची प्रत मेलनं पाठवली, तीन वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, तेच उत्तर. चारही रात्री गेल्या. माझी चूक नव्हती, कंपनीनं नियमही मोडला नव्हता. पण सरकारी नोकरीतल्या माणसानं हे लक्षात ठेवावं: निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, कशाचीही ड्यूटी कधीही लागू शकते.

आता पैशाचं. वार्षिक देखभाल फी पहिल्या वर्षी 15,500 होती, मग 16,500, आता 17,500, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. तीन वर्षांत 58,410 रुपये फक्त फीचे भरले. या काळात आम्ही राहिलो 11 रात्री, म्हणजे एका रात्रीला 5,310 रुपये. यात मूळ 3,95,000 धरलेलेच नाहीत.

"सातही रात्री वापरल्या असत्या तर?" असं मिस्टर म्हणाले. तोही हिशेब मांडला. 3,95,000 रुपये 7 टक्क्यांनी ठेवीत टाकले असते तर वर्षाला 27,650 व्याज आलं असतं आणि मुद्दल जागेवर राहिलं असतं. त्यात फी 20,650 मिळवली की 48,300. भागिले 7, म्हणजे रात्रीला 6,900. गर्दीच्या हंगामात चांगल्या रिसॉर्टमध्ये पाच माणसांची सोय एवढ्यात होणार नाही, तिथं मेंबरशिप परवडू शकते, पण आमची मधल्या हंगामाची. या हंगामात याच दर्जाच्या दोन खोल्या मला कोडगूत त्याच दिवसांना जवळपास तेवढ्याच पैशात दिसत होत्या, आणि त्या आदल्या दिवशी रद्द करता येत होत्या. फी अशीच सहा टक्क्यांच्या आसपास वाढत गेली तर बारा वर्षांत दुप्पट होईल. करार 2048 ला संपेल तेव्हा मी 69 वर्षांची असेन. आपण गेलो नाही तरी फी चुकत नाही.

जेवण वेगळं. रात्रीचं बुफे माणशी 900 च्या वर होतं आणि रिसॉर्ट गावापासून लांब असल्यानं दुसरीकडं जेवायला जायचं तरी टॅक्सीच. भाकरी-चटणीनं आमचं बरंच वाचलं. गोव्यात तर आम्ही बाजारातून मासे आणून अपार्टमेंटमध्येच शिजवले.

"ही तुमची मालमत्ता आहे, मुलांना देता येईल," असं विक्रीच्या दिवशी सांगितलं होतं. नाव हस्तांतरित करता येतं, त्याचं शुल्क भरून. पण हे घर नाही, जमीन नाही, नावावर सात-बारा नाही की उतारा नाही. आपण विकत घेतो तो राहण्याचा हक्क. विकायला काढलं तर निम्म्यानंही कुणी मागत नाही, हे मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. उलट एका अनोळखी माणसाचा फोन आला: तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंगचे 12,000 पाठवा. असे पैसे कुणीही पाठवू नका.

ज्यांनी आधीच घेतलीय आणि तोंडी आश्वासन एक, करार दुसरा असा अनुभव आलाय, त्यांच्यासाठी एक. करारात दूरच्या शहरातल्या न्यायालयाचं नाव असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आमच्या बाबतीत तोंडी आश्वासनाचा एकही पुरावा नाही. फोनवर बोलणं झालं की लगेच त्याची मेल करून ठेवायची सवय मला फार उशिरा लागली.

माझं मत विचाराल तर: ज्यांचं कॅलेंडर स्वतःच्या हातात आहे, गर्दीच्या हंगामात दरवर्षी आठवडाभर जायची सवय आधीपासून आहे आणि पैसे कर्ज न काढता देता येतात, त्यांनी विचार करावा. घरात दुकान, वर्कशॉप, शेती किंवा शाळेची नोकरी असेल तर घेऊ नये. माझ्या दोन्ही मैत्रिणींना मी नको म्हणूनच सांगितलंय.

आम्ही मागच्या महिन्यात मेंबरशिप परत केली तर हातात किती येतील ते लेखी कळवा म्हणून मेल केलीय. आकडा अजून आलेला नाही. तोपर्यंत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कोडगूच्या 4 रात्री बुक केल्यात. मुलीची सीईटी त्याच सुमारास आहे, ती आणि मिस्टर घरी थांबतील. मी, मुलगा आणि सासूबाई जाऊ. या वेळी तवा घरूनच नेणार आहे.