घडीचा एलईडी लाइट बॉक्स: फुलांसाठी तोकडाच

ऑनलाइन मिळणारा नऊ इंची घडीचा लाइट बॉक्स, म्हणजे लहान वस्तूंचे फोटो काढायचा दिवे लावलेला खोका, अंगठी, कानातल्यांसाठी ठीक आहे. फुलांसाठी घेऊ नका. एक जास्वंद जेमतेम मावतं; देठासकट गुलाब उभा केला की पाकळ्या वरच्या एलईडी पट्टीला टेकतात. पट्टी उघडी असल्याने पाण्याच्या प्रत्येक थेंबात दिव्यांची रांग उमटते. पट्टीखाली बटर पेपरचे दोन थर ताणून लावले की प्रकाश मवाळ होतो.

खरी अडचण लाल रंगाची. स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो, म्हणून जास्वंद विटकरी दिसतं आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवायची सेटिंग) बदलूनही पुरतं सुधारत नाही.

त्यापेक्षा अठरा इंची पुठ्ठ्याचा खोका घ्या. तीन बाजू कापून बटर पेपर लावा, आत पांढरा कार्डशीट घडी न पाडता मागून खालपर्यंत वळवा. 90 हून जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 9 वॉटचा एलईडी बल्ब एका बाजूने फूटभर लांब ठेवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद. मोगरा पांढऱ्यात हरवतो, तेव्हा फ्रेमबाहेर दोन्ही बाजूंना काळे कार्डशीट उभे करा. पाकळ्यांच्या कडा स्पष्ट उठतात. कॅमेऱ्यात एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +0.7 ठेवा, नाहीतर पांढरं करडं येतं. जास्वंद मात्र सकाळीच टिपा.