पाच महिने बिनपगारी सरकारी इंटर्नशिप केली, कशी पडली ते सांगते

आधी आकडा सांगून टाकते, कारण जो तो म्हणतो "फुकटच आहे नं, करून टाक". फुकट बिकट काही नाहीये. इंदूरला सुदामा नगरहून दफ्तरापर्यंत रोज ॲक्टिव्हाचं पेट्रोल महिन्याला 1400, चहा-पोहे 900 (11 वाजता कोणीतरी मागवतंच, आणि तुम्ही नवीन असलात तर पहिले 8 दिवस तुमच्याच खिशातून), रिचार्ज 300 कारण सगळे फोन आपल्याच मोबाइलवरून लावायचे. झाले 2600, पाच महिन्यांचे 13000. वरून संध्याकाळी आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, महिन्याला 4000 यायचे, त्या सोडाव्या लागल्या कारण दफ्तरातून 6 ला सुटून घरी येऊन जीव उरतच नव्हता. ते 20000. म्हणजे मला ही वस्तू 33 हजाराला पडली.

घेतली का मग? खरं सांगायचं तर काकांमुळे. आमच्या घरी सरकारी म्हटलं की विषय संपतो. आजोबा टपाल खात्यात, काका वीज मंडळात, बाबा एकटे प्रायव्हेट आणि त्याचं त्यांना आजवर ऐकावं लागतंय. माझ्यासमोर अप्रेंटिसशिपचा पण चान्स होता, तिथे 1961 चा कायदा आहे, स्टायपेंड द्यावाच लागतो, 2019 च्या नियमांत ग्रॅज्युएटला किमान 9000 ठरवलेलं. इंटर्नशिपला असं काही नाही, द्यायचं तर द्या नाही तर नका देऊ. विदेश मंत्रालय महिन्याला 10000 देतं आणि नीती आयोग एक पैसा देत नाही, नियमातच लिहून ठेवलंय, तरी तिथे अर्जांची रांग असते. काका म्हणाले, "9000 काय गं, उद्या कोण विचारतंय, सरकारी ठप्पा लागू दे एकदा." आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली डबा मी देईन. तो डबा मी खर्चात धरलेला नाही, हे पुढे कामाला येणारंय म्हणून लक्षात ठेवा.

कॉलेजला मला 4 क्रेडिट दाखवायचे होते. 1 क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास, रोजचे 8 धरले तर 15 दिवसांत खेळ खलास. बाकीचे साडेचार महिने मी स्वखुशीने केलेत, हे मला स्वतःलाच डिसेंबरमध्ये हिशोब करताना कळलं.

पहिला महिना बेकार. खुर्चीच नव्हती. ज्या बाबूंची सुट्टी त्यांच्या खुर्चीवर बसायचं, ते आले की उठायचं. काम काय तर झेरॉक्स, स्टेपल, आणि एक्सेलमध्ये हिंदी टायपिंग (युनिकोड येत असेल तर तुम्ही तिथले देव). जॉइनिंग लेटर सहा आठवडे मिळालंच नाही, रोज "साहब मीटिंग में हैं". कोणी विचार करत असेल तर एवढं करा, पहिल्याच दिवशी लेटर मागा, त्यावर जावक नंबर आणि रुजू झाल्याची तारीख हवी, नाहीतर कागदावर तुम्ही तिथे नव्हतातच.

दुसऱ्या महिन्यापासून मला 181 च्या तक्रारी दिल्या आणि इथून पैसे वसूल व्हायला लागले. आपल्याकडे मध्य प्रदेशात 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाकली की ती एल-1 ला म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडे येते, मुदतीत निपटली नाही की आपोआप एल-2, एल-3, एल-4 अशी वर चढते, आणि वर चढली की साहेबांना ऐकावं लागतं. म्हणून सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत, तक्रारदार फोनवर "संतुष्ट आहे" म्हणाला पाहिजे. तो फोन मी लावायचे. लोक अशा शिव्या द्यायचे की पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग कळलं की निम्म्या लोकांना शिव्या द्यायला का होईना पण कोणीतरी उचलणारं हवं असतं.

एक आजी होत्या, मराठीच, माझी हिंदी ऐकून त्यांनीच ओळखलं, "तू आपली दिसतेस." 600 रुपयांची पेन्शन बंद पडलेली. समग्र आयडीत (राज्य सरकारच्या ओळख नोंदीत) त्यांच्या नावापुढे "बाई", आधारवर नाही, बस. एवढ्याने कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका वाटत होत्या. त्यांचा नातू तीन मंगळवार जनसुनवाईला (तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात) जाऊन आलेला, दर वेळी नवीन अर्ज. मी बड़े बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना विचारलं तर ते म्हणाले, "बेटा, आवेदन से कुछ नहीं होता, नोटशीट चलाओ." आणि मग त्यांनी मला नोटशीट, म्हणजे साहेबांपुढे विषय मांडायचा फाइलमधला टिप्पणीचा कागद, शिकवली, चहा पीत पीत, दोन दुपारी.

ह्या दोन दुपारींसाठी मी 33 हजार दिले असं म्हणायला हरकत नाही. कोणत्या कागदाचा हवाला पान नंबरसकट कसा द्यायचा, "अवलोकनार्थ" लिहिलं तर साहेब नुसती सही करून परत पाठवतात आणि "आदेशार्थ प्रस्तुत" लिहिलं तर काहीतरी ठरवावं लागतं, आणि फाइलवर "चर्चा करें" आलं की समजायचं ती आता महिनाभर झोपणार, म्हणून त्याच दिवशी फाइल उचलून साहेबांसमोर उभं राहायचं. हे भंवरकुआंच्या कोणत्याच कोचिंगमध्ये शिकवत नाहीत, आणि तिथे पोरं पीएससीसाठी वर्षानुवर्षं बसलीयेत. आजींची पेन्शन नोव्हेंबरात सुरू झाली. मला फोन वगैरे काही आला नाही, पोर्टलवर स्टेटस बघितलं.

पण माझ्याबरोबर खंडव्याची एक मुलगी लागली होती, माझ्यापेक्षा हुशार, टायपिंग पण फास्ट. भंवरकुआंला पीजीत राहायची, मेस वेगळी. तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली, विजय नगरला एका कॉल सेंटरमध्ये लागली. म्हणजे खुर्ची नसलेला तो बेकार महिनाच तिने बघितला, नोटशीटच्या दुपारी तिच्या वाट्याला आल्याच नाहीत. त्या बघायला घरचा डबा लागतो आणि डोक्यावर बापाचं छप्पर लागतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले "धीर नव्हता तिच्यात". मी वाद घातला नाही, पण राग आला.

तर 5 पैकी 3 स्टार. घरी राहून करत असाल, दोन महिन्यांची ठरवून घ्या, पाच कशाला. पीजीचं भाडं भरत असाल तर नका करू, सरळ अप्रेंटिसशिप बघा.

सर्टिफिकेटचं राहिलं. ते जानेवारीत मिळालं, मधेच साहेबांची बदली झाली म्हणून नवीन साहेबांकडून. आईने लॅमिनेट करायला काढलं तेव्हा दिसलं, माझ्या आडनावात एक अक्षर जास्त, मार्कशीटशी जुळत नाही. परत गेले. खिडकीवरच्या नवीन बाबूंनी मान वर न करता सांगितलं, "आवेदन लगा दो." मी लावलं नाही. आत गेले, बड़े बाबूंकडून कोरी नोटशीट मागितली.