टोचनाचा पट्टा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, मी गाडी टोचन करण्यासाठी पाच मीटर लांबीचा पॉलिस्टरचा पट्टा, दोन बो शॅकल (पट्टा गाडीला अडकवायच्या, आडव्या पिनेने बंद होणाऱ्या पोलादी कड्या) आणि दोन लोखंडी हुक असा संच साडेअठराशे रुपयांना घेतला. आता जानेवारी संपत आला आहे. मधल्या काळात हा पट्टा पाच वेळा डिकीतून बाहेर निघाला. तीन वेळा त्याने बंद पडलेली गाडी सुखरूप ओढली, एकदा तो चुकीच्या कामाला जुंपला गेला आणि एकदा हातात असूनही मी तो वापरला नाही. माझे घर बेळगावच्या शहापूरला, नोकरी उद्यमबागेत, थोडी शेती जांबोटीच्या पुढे आणि सासुरवाडी निपाणीला आहे. त्यामुळे घाटाचा रस्ता, महामार्ग आणि भातशेतीचा चिखल हे तिन्ही माझ्या वाट्याला नेहमी येतात, आणि पट्टा कुठे वापरावा, कुठे वापरू नये, हेही या तिन्ही ठिकाणी कळले.

पॉलिस्टरच का घेतला, हे आधी सांगतो. नायलॉन जास्त ताणला जातो, त्यामुळे रुतलेली गाडी हिसका देऊन काढण्यासाठी नायलॉनचे खास दोर वापरतात; परंतु नायलॉन भिजला की त्याची ताकद काही प्रमाणात कमी होते आणि तो पाणी धरून ठेवतो. खानापूर तालुक्यातल्या पावसात पट्टा भिजणार हे ठरलेलेच असल्यामुळे, कमी ताणला जाणारा पण ओला झाल्यावर फारसा कमकुवत न होणारा पॉलिस्टर मला योग्य वाटला. रस्त्यावरून सावकाश ओढण्यासाठी ही निवड बरोबर ठरली.

माझी पहिली तक्रार पट्ट्यावरील लेबलाची आहे. त्यावर ‘५ टन’ एवढेच छापलेले आहे. हे वजन सुरक्षित वापराचे की पट्टा तुटण्याचे, याचा उल्लेख नाही. आमच्या कारखान्यात कास्टिंग उचलण्यासाठी जे पट्टे वापरतात त्यांच्यावर सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला असतो, रंगावरूनही तो ओळखता येतो (जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन), आणि तुटण्याची ताकद त्या भाराच्या सात पट धरलेली असते. टोचनाच्या पट्ट्यावर अशी शिस्त दिसत नाही. म्हणून मी त्यावरचा आकडा तुटण्याचाच धरला आणि दीड टनापेक्षा जड गाडी या पट्ट्याने ओढायची नाही असे घरात सर्वांना सांगून ठेवले. शॅकल मात्र चांगले निघाले. पाच-अष्टमांश इंचाच्या त्या शॅकलवर सव्वातीन टनांचा सुरक्षित भार धातूतच कोरलेला आहे आणि आठ महिन्यांत त्यांच्या आट्यांना गंज लागलेला नाही.

पहिला खरा प्रसंग जुलैत आला. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या कणकुंबीहून आम्ही दोन गाड्यांनी परत येत असताना, मावसभावाची छोटी पेट्रोल गाडी रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेली आणि पलीकडे जाऊन बंद पडली. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असताना पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे घातक असते, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून मी त्याला चावी फिरवू दिली नाही. मोबाईलला रेंज नव्हती आणि संध्याकाळ होत आली होती. जांबोटीपर्यंत ओढत नेणे हाच मार्ग उरला.

या गाडीचा टोचनाचा हुक पुढच्या बंपरला लावलेला नव्हता. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो जॅक आणि पान्याच्या पिशवीत ठेवलेला असतो आणि बंपरवरचे चौकोनी किंवा गोल झाकण काढून आतल्या आट्यांत बसवावा लागतो. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत या आट्या उलट्या, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायच्या असतात, हे ठाऊक नसले तर माणूस पावसात अर्धा तास झगडत राहतो. हुक हाताने बसेल तेवढा बसवून पुढे पान्याच्या दांड्याने पूर्ण आवळावा लागतो. दोन-तीन आट्यांवर लटकलेला हुक पहिल्याच ताणाला निसटतो. गावाकडे अजूनही सोल (जाड दोर) घेऊन ती बंपरला, नाहीतर खालच्या आडव्या दांड्याला गाठ मारून बांधतात. गाठ मारल्याने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते आणि ओढताना बंपरही निघून येतो, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे.

मागच्या गाडीत मावसभाऊ बसला. चावी ‘ऑन’ ठेव, काढू नकोस, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल, हे मी त्याला दोनदा सांगितले. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला, हँडब्रेक सोडला आणि दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर लावले. पट्ट्याच्या मध्यावर लाल फडके बांधले. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत, पट्टा जमिनीवरून उचलला जाऊन ताठ होईपर्यंत मी गाडी सरकवली आणि त्यानंतरच वेग घेतला. पट्ट्याची शिवण इथे फार चांगली वागली. एकदाही गचका बसला नाही.

अडचण दुसऱ्या उतारावर आली. इंजिन बंद असलेल्या गाडीत ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी एक-दोन वेळा पॅडल दाबल्यावर संपते, आणि त्यानंतर ब्रेक लागतो खरा, पण त्यासाठी पायाचा सगळा जोर द्यावा लागतो. मला हे माहीत होते, पण मी ते त्याला सांगितले नव्हते. त्याने पट्टा ताठ राहावा म्हणून पॅडल सारखे थोडे थोडे दाबले, आणि ऐन उतारावर मागून हॉर्न वाजू लागला. काचेतून डोके बाहेर काढून तो ओरडला, “अण्णा, ब्रेक दगडागत झालाय!” त्याची गाडी माझ्या डिकीपासून हातभर अंतरावर आली होती आणि ढिला पडलेला पट्टा तिच्या पुढच्या चाकाखाली गेला होता. त्याने हँडब्रेक ओढून गाडी आवरली. ही चूक माझीच होती. त्यानंतर आम्ही नियम केला की मागच्या माणसाने उतार दिसताच पॅडलवर दोन्ही पायांनी जोर द्यायची तयारी ठेवायची, हँडब्रेकवर हात ठेवायचा, आणि पुढच्याने उतार संपेपर्यंत पहिला गिअर सोडायचा नाही. एक हॉर्न म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांब. त्या रात्री जांबोटीला पोहोचायला खूप वेळ लागला. रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या नियमावलीत टोचनासाठी ताशी २४ किलोमीटरची मर्यादा आणि दोन गाड्यांमध्ये जास्तीत जास्त ५ मीटर अंतर का घातले होते, हे त्या उतारावर मला पटले. एरवी तो वेग हास्यास्पद वाटतो. वेग दुप्पट झाला की थांबवावी लागणारी ऊर्जा चौपट होते आणि मागच्या माणसाकडे ती थांबवायला फक्त स्वतःचे पाय असतात.

पट्ट्यावर चाक गेल्याने तिथे दोन बोटे रुंदीचा भाग खरवडला गेला, परंतु विणकाम तुटले नाही. गाडीचे पुढे गॅरेजमध्ये प्लग काढून पाणी बाहेर काढले आणि ती सुरू झाली.

ऑगस्टमध्ये झालेल्या गैरवापराबद्दल लिहिताना मला वाईट वाटते, पण लिहिलेच पाहिजे. शेताच्या बांधाजवळ शेजाऱ्यांची पिकअप चिखलात रुतली होती. “पट्टा आहे न्हवं तुमच्याकडं, द्या की एक हिसका,” असे सगळे म्हणू लागले आणि मी नाही म्हणू शकलो नाही. त्या वेळी घाईत शॅकलऐवजी संचासोबत आलेला लोखंडी हुक लावला होता. ट्रॅक्टरने हिसका दिला, हुकाची स्प्रिंगची पट्टी वाकली, हुक निसटला आणि पिकअपच्या नंबरप्लेटवर आदळून तिचे दोन तुकडे करून गेला. त्या रेषेत एखादा माणूस उभा असता तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. पॉलिस्टर ताणला जात नसल्यामुळे हिसक्याचा सगळा जोर एका क्षणात हुकावर आणि चासीवर येतो; हे काम या पट्ट्याचे नव्हतेच. शेवटी चाकांपुढचा चिखल कुदळीने काढून, खाली दगड आणि गवताच्या पेंढ्या घालून, ट्रॅक्टरने सावकाश ओढल्यावर पिकअप सहज बाहेर आली. ते दोन्ही हुक मी त्याच दिवशी काढून टाकले. हा संच कोणी घेणार असेल तर हुक बाजूला ठेवून फक्त शॅकल वापरावेत, पट्ट्याच्या मध्यावर ओले पोते टाकावे म्हणजे तुटलाच तर तो उसळणार नाही, आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे. शेतात हे शेवटचे काम सर्वांत अवघड असते, कारण मदतीला येणारा प्रत्येक माणूस हात लावायला जवळ येतो.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधली दोन टोचने गावातली, वडगाव आणि खानापूर रोडवरून उद्यमबागेपर्यंतची होती; सपाट रस्ता, कमी वेग, सांगण्यासारखे काही नाही.

नोव्हेंबरमध्ये मात्र पट्टा हातात घेऊन परत ठेवावा लागला. वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीजवळ एका मित्राची ऑटोमॅटिक गाडी बंद पडली. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना घासले जातात. अशी गाडी, इंजिन ज्यांना फिरवते ती चाके उचलून किंवा फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवूनच न्यावी लागते. एएमटी गाडीत (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा) आणखी वेगळी अडचण येते, बॅटरी संपली तर ती गिअरमध्येच अडकून राहू शकते. मित्राला माझा नकार प्रथम आवडला नाही. मग विम्यासोबतच्या मदत सेवेला फोन केला, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाला नेहमी जे भोगावे लागते ते सुरू झाले. गाडीचा नंबर केए-२२, म्हणजे बेळगावचा, आणि कर्नाटकातली बाची ओलांडली की लागणारी शिनोळी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. फोनवरच्या व्यक्तीने पिनकोडवरून कोल्हापूरकडची गाडी शोधायला घेतली. बेळगाव इथून हाकेच्या अंतरावर आहे, हे समजावण्यात पाऊण तास गेला आणि फ्लॅटबेड यायला तीन तास लागले. तेव्हापासून मी बेळगावातल्या दोन क्रेनवाल्यांचे नंबर वहीत लिहून गाडीत ठेवले आहेत, आणि फोन करताना राज्याचे नाव न सांगता प्रथम “बेळगावपासून अमुक किलोमीटर, वेंगुर्ला रस्ता” असे सांगतो. याने वेळ वाचतो.

महामार्गावर हा पट्टा काढायचाच नाही, असा निर्णय मी डिसेंबरमध्ये घेतला. आपण अजूनही ज्याला चार नंबरचा रस्ता म्हणतो त्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, संकेश्वरच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास माझ्याच गाडीचा फॅनबेल्ट तुटला. उसाचा हंगाम जोरात होता आणि दोन-दोन ट्रेलर जोडलेले, मागे एकही दिवा नसलेले ट्रॅक्टर डाव्या बाजूने चालले होते. ताशी ८० च्या वेगाने येणारे वाहन सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. पन्नास मीटरवर ठेवलेला धोक्याचा त्रिकोण चालकाला जेमतेम सव्वादोन सेकंद देतो. म्हणून मी त्रिकोण शंभर पावलांहून मागे नेऊन ठेवला, मंडळींना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे केले आणि १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन केला. साधारण चाळीस मिनिटांत गस्तीची गाडी आली आणि नंतर क्रेनने आमची गाडी रस्त्यावरून काढून सुरक्षित जागी नेली. मेव्हणा निपाणीहून त्याची गाडी घेऊन ओढायला येतो म्हणत होता. तवंदीचा घाट, रात्र आणि उसाची वाहतूक यांतून ताशी वीसच्या वेगाने, ब्रेकविना गाडी खेचत नेण्याची कल्पनाही मला करवेना, म्हणून मी त्याला फक्त मंडळींना न्यायला बोलावले.

पट्ट्याची आजची स्थिती अशी आहे. प्रत्येक वापरानंतर मी तो साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो, कारण धाग्यांत अडकलेली वाळू आतून धागे कापते आणि ऊन पॉलिस्टरला हळूहळू ठिसूळ करते. एका टोकाच्या फासाची शिवण अजून घट्ट आहे. दुसऱ्या टोकाला, जिथे शॅकल बसतो तिथे, सात-आठ टाके उसवले आहेत आणि कणकुंबीच्या खरवडलेल्या जागी धागे लवलवीत झाले आहेत. संचासोबत आलेली पिशवी दोन महिन्यांत फाटली, आणि सूचनापत्रक मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी कोणत्याच भाषेत नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण हा पट्टा प्रत्यक्ष वापरणारे अनेक जण ती छोटी इंग्रजी अक्षरे वाचणारच नाहीत. तरीही एवढ्या किमतीत पट्टा आणि शॅकल यांबद्दल माझी तक्रार नाही. पुन्हा घ्यायचा झाला तर मी सुरक्षित भार लिहिलेला पट्टा शोधून, हुकाविना घेईन.

मेच्या आधी नवा आणायचा आहे. हा जुना मी मधोमध कापून टाकणार आहे, म्हणजे कोणी चुकून गाडीला लावणार नाही. त्याचे तुकडे गवताचे भारे आवळायला शेतावर उपयोगी पडतील.