सशाच्या पिल्लासोबतचा ‘सेट’: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

नाशिकच्या बऱ्याच पेट शॉपमध्ये सशाच्या पिल्लासोबत तारेचा पिंजरा, रंगीत खाद्याचं पाकीट आणि सिपर बाटली गळ्यात घालतात. पिंजरा कामचलाऊ, बाटली ठीक, खाद्य मात्र पिल्लाच्या जिवावर उठणारं.

पाकिटात मका, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेली फळं असतात आणि पिल्लू नेमकं तेवढंच वेचून खातं. त्यातला स्टार्च आतड्यात आंबतो. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाला जुलाब लागले, तर दिवसभरातही ते दगावू शकतं. मोठ्या जातीचं पांढरं पिल्लू खरंच दोन महिन्यांचं असेल, तर तळहातावर मावत नाही. मावत असेल तर घेऊ नका.

घेण्याआधी उलटसुलट करून बघा. शेपटीखाली ओल नको. पुढच्या पंज्यांची आतली बाजू पाहाच, कारण सर्दी झालेला ससा नाक तिथेच पुसतो आणि केस चिकटलेले राहतात. कानाच्या कडांवर, नाकावर पांढरट खपली म्हणजे खरूज. ती बरी होते, पण औषधाची मात्रा डॉक्टरांनीच वजनावरून ठरवायची. कुत्र्यांचं फिप्रोनिलवालं गोचीडाचं औषध सशाला चालत नाही.

दुकानात पिल्लू जे खात होतं ते थोडं मागून आणा, त्यातला मका-बिया काढा आणि 7 ते 10 दिवसांत हळूहळू साध्या हिरव्या पेलेटवर (गवताच्या दाबून केलेल्या कांड्यांवर) आणा. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. लसूणघासाची पेंढी सहज मिळते, पण सुरुवातीला ओली नको, सावलीत वाळवून द्या. कोबी, गाजर, फळं तूर्त बंद. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा; वाढत्या पिल्लाचं वजन घटणं हीच आजाराची पहिली खूण.

द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या दिसल्या तर घाबरू नका. ससा त्या स्वतःच परत खातो, खाऊ द्या. पाण्यासारखं पातळ झालं, किंवा 12 तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर त्याच दिवशी सशांवर उपचार करणारे डॉक्टर गाठा. ताजी विष्ठा डबीत न्या, कोक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) तपासता येतो. घरातलं अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप तोंडाने मुळीच देऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही.

पिंजरा घेतलाच तर तळाच्या तारेवर पुठ्ठा किंवा चटई अंथरा, नाहीतर टाचांना जखमा होतात. बाटलीच्या नळीतली गोळी अडकते आणि पाणी येत नाही, म्हणून शेजारी जड वाटीत पाणी ठेवा.