बटणांचा फोन की स्मार्टफोन? डोक्याला मार बसल्यानंतरचा माझा अनुभव

दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसला, त्याला चार वर्षं झाली. चालणं-बोलणं सुधारलं; पण 'मग करू' म्हणून ठेवलेलं काम डोक्यात टिकत नाही. घरच्यांनी तेव्हा बटणांचा साधा फोन हातात दिला. तुमच्याही घरी हाच विषय चालू असेल, तर मी दोन्ही वापरलेत.

साध्या फोनला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. संध्याकाळी डोकं शिणलं की चकाकणारा पडदा नकोसा होतो, तेव्हा हाच बरा. यूपीआयचे पैसेही साध्या फोनवरून पाठवता येतात. आठ महिने मी खुशीत होतो.

बिनसलं ते गजरावरून. माझ्या त्या फोनचा गजर नुसता वाजायचा, कशासाठी ते सांगायचा नाही. एकदा पाचला वाजला. उठलो, चपला घातल्या आणि दारातच थांबलो. गोळी? दूध? भावाला फोन? वही होती हो, पण वही बघायची हेही आठवावं लागतं! त्या दिवशी मंडळाची वर्गणीची बैठक होती, हे मला रात्री जेवताना कळलं.

स्मार्टफोनवर गजराला नाव देता येतं: 'बैठक, पावतीपुस्तक घे'. माझ्यासाठी सगळा फरक इथे पडला. इंग्लंडमध्ये १४३ जणांवर पेजरचा प्रयोग झाला होता, २००१ साली तो छापून आला. त्यातलाही पेजर वाजायचा आणि काय करायचं ते लिहून दाखवायचा. बहुतेकांची कामं त्यानं मार्गी लागली.

त्रास यातही आहे. गजर बंद करायला जावं तर समोर साठ 'सुप्रभात', आणि काम गेलं विसरून. पुतणीनं मंडळाचा सोडून बाकी सगळे ग्रुप म्यूट केले, मग जमलं. आता घरी येऊन निरोप कोण देतं? सगळं ग्रुपवरच. व्हॉइस मेसेज तर मला फार सोयीचा: तीनदा ऐका, 'परत सांगा' म्हणायचा संकोच नाही.

पडद्याच्या उजेडानं डोकं दुखत असेल, तर तुमचं गणित वेगळं असू शकेल. आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर घरातला जुना स्मार्टफोन घ्या, नाव घातलेले चारच गजर लावा आणि पंधरा दिवस बघा. नवा घ्यायची घाई नको.