यामाहा कोरलेले ट्रम्पेट आणि माझे ४९,४५० रुपये

यामाहाचे म्हणून एक जुने ट्रम्पेट विकत घेताना माझी ४९,४५० रुपयांना फसवणूक झाली. वाद्याचे ४६,५०० (पाच हजार आगाऊ आणि उरलेले ४१,५०० हातोहात, दोन्ही यूपीआयने), ते अडकते म्हणून आणलेल्या व्हॉल्व्ह ऑईल व स्लाइड ग्रीसचे १,१५० आणि ते उघडून पाहणाऱ्या कारागिराचे १,८०० असा हा हिशेब आहे. लिंकवर बोट ठेवून, ओटीपी सांगून किंवा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे घालवणाऱ्यांविषयी आपण रोज वाचतो आणि मनातल्या मनात त्यांना नावे ठेवतो. मीही ठेवत असे. माझ्या बाबतीत यांतले काहीच घडले नाही. माणूस समोर उभा होता, वाद्य हातात होते, आणि शाळेच्या बँडमध्ये काही वर्षे कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखेच पितळी वाद्य, वाजवलेले असल्यामुळे आपल्याला पितळेतले थोडेफार कळते असा माझा समज होता.

माझी मुलगी अकरावीत आहे आणि आमच्या चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. आतापर्यंत तिच्याकडे मेरठचे एक मागून आणलेले वाद्य होते. मेरठच्या वाद्यांना मी नावे ठेवणार नाही. तिथल्या जली कोठी या वाद्ये बनवणाऱ्यांच्या वस्तीतले कारागीर जे बनवतात ते स्वतःच्या नावाने विकतात आणि आपल्याकडच्या लग्नांच्या वराती त्यांच्याच वाद्यांवर निघतात. मात्र तिला पुढे ट्रम्पेटच्या परीक्षा द्यायच्या होत्या, आणि तिच्या सरांनी यामाहाचे ४३३५ जी हे मॉडेल सुचवले. त्यातल्या ‘जी’ला अर्थ आहे. या मॉडेलचा भोंगा गोल्ड ब्रासचा, म्हणजे सुमारे ८५ टक्के तांबे आणि १५ टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूचा असतो, तर नेहमीच्या पिवळ्या पितळेत तांबे साधारण ७० टक्के असते. त्यामुळे भोंगा बाकीच्या नळ्यांपेक्षा स्पष्टपणे तांबूस दिसतो आणि स्वर थोडा गोलसर येतो. व्हॉल्व्ह म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळा; त्यांच्या आत खालीवर होणारे पिस्टन मोनेलचे, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या न गंजणाऱ्या मिश्रधातूचे असतात. हे सगळे मी आधी वाचले होते, आणि हे सगळे माहीत असूनही मी लुबाडला गेलो, याचाच संताप अधिक आहे.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर होती. विक्रेता साधारण चाळिशीचा, बोलायला अत्यंत नम्र, मराठी आणि कोकणी दोन्ही सफाईने बोलणारा. बोटीवर वादकाची नोकरी लागली आहे, तिथे कंपनीचे वाद्य मिळणार आहे, म्हणून हे विकतो आहे, असे त्याने सांगितले. आपले काका मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत, हेही त्याने ओघात सांगून टाकले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद वर्षानुवर्षे पेलले, हा इतिहास खरा आहे, आणि खरा असल्यामुळेच त्याच्या आडोशाने खोटे बोलणे सोपे जाते. विक्रेता स्वतःहून घराण्याची कथा सांगू लागला की पाकीट खिशात अधिक खोल ढकलावे.

त्याने ५२,००० सांगितले. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर वाद्य वाजवून दाखवले, आणि ते अप्रतिम वाजले. भोंगा तांबूस दिसत होता, तिन्ही व्हॉल्व्ह लोण्यासारखे चालत होते. ते वाद्य अस्सल होते याविषयी मला आजही शंका नाही. मला मिळाले ते वेगळे होते, एवढेच. पेटीच्या वरच्या थरात देवगड हापूस आणि खाली भलताच आंबा हा प्रकार फळबाजारात आपण ओळखतो, पण तेच काम ट्रम्पेटच्या पेटीत होईल असे कुणाच्या मनात येणार? जाहिरातीतल्या छायाचित्रांत मधल्या व्हॉल्व्हच्या नळीवरचा वाद्याचा अनुक्रमांक नेमका चकाकीत पुसट झाला होता. तुम्ही असे करा: पैशाचा शब्दही काढण्याआधी त्या क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र मागवा, आणि व्हिडिओवर वाद्य वाजत असतानाच तो क्रमांक कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

भेट संध्याकाळनंतर एका रेल्वे स्थानकाबाहेर ठरली. वेळ त्याने ठरवली आणि जागाही त्यानेच ठरवली, आणि त्यामागचा हेतू मला फार उशिरा कळला. त्या रस्त्यावर सोडियमचे जुने पिवळे दिवे आहेत. त्या प्रकाशात पिवळे पितळ, गोल्ड ब्रास, तांबे हे सगळे एकाच रंगाचे दिसते, कारण त्या दिव्याचा प्रकाश जवळपास एकाच रंगाचा असतो. ज्या एका खुणेवरून मी ते वाद्य क्षणात ओळखू शकलो असतो, ती खूणच त्या दिव्याखाली नाहीशी झाली होती. मोबाइलचा टॉर्च माझ्या खिशात होता हे मला मान्य आहे. पण समोरचा माणूस आपली गाडी सुटेल म्हणून दर मिनिटाला घड्याळ पाहत असताना, रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना, एखाद्याच्या वस्तूवर टॉर्च मारणे हा त्याच्यावर उघड अविश्वास दाखवण्याचा प्रकार वाटतो. आम्हा मध्यमवर्गीयांच्या याच संकोचावर या लोकांचा धंदा चालतो.

आणि तरीही एक क्षण होता. मुलीने वाद्य हातात घेऊन तिन्ही व्हॉल्व्ह दाबून पाहिले आणि हळूच म्हणाली, “पप्पा, मधला वर यायला वेळ लावतोय.” तिने मला स्पष्ट सांगितले होते. मी काही बोलायच्या आत विक्रेता हसून म्हणाला, “काही दिवस वापर नाही ना, तेल घातलं की रुळेल.” त्यावर मी तिलाच म्हणालो, “होईल गं, तेल घालू.” त्या वाक्याने मला ४१,५०० रुपयांना बुडवले. पाच हजार आधीच गेले होते; तिथून परत फिरलो असतो तर नुकसान तेवढ्यावरच थांबले असते. पण आगाऊ रक्कम देऊन बसलेला माणूस वस्तूतले दोष पाहत नाही, दिलेले पैसे वाया जाऊ नयेत यासाठी कारणे शोधत राहतो. म्हणून आगाऊ देऊ नका. एक रुपयाही नको.

आठवडाभर तेल घालूनही व्हॉल्व्ह सुधारला नाही, तेव्हा मुंबईत बँडची वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे ते नेले. त्यांनी वाद्य हातात घेतले, दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे यामाहा नाही. नाव यामाहाचं आहे.” मग त्यांनी मधला पिस्टन बाहेर काढला. मोनेल करडे, मंद दिसते. हा पिस्टन निकेलच्या मुलाम्याने आरशासारखा चमकत होता आणि एका बाजूला मुलामा खरवडून खालचे पितळ दिसत होते. नळ्यांच्या सांध्यांना दिलेला डाग (सोल्डर) ओघळलेला होता. भोंगा साध्या पिवळ्या पितळेचा, वर रंगीत लॅकर. शेवटी त्यांनी पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी नळी, व्हॉल्व्ह न दाबता बाहेर ओढली आणि नंतर व्हॉल्व्ह दाबला. चांगल्या वाद्यात हवा रोखून धरली जाते आणि दाबताच ‘टप्’ असा आवाज येतो. इथे काहीच ऐकू आले नाही. ही परीक्षा करायला पाच सेकंद लागतात, त्यासाठी वाजवताही यावे लागत नाही, आणि कोणत्याही अंधारात करता येते. ती मला आधी कुणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहितो आहे.

तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडची अंगठी डाव्या हाताच्या बोटाने ढकलून पाहा. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून येणारे खालचे स्वर मुळातच चढे असतात, ते ही स्लाइड बाहेर सरकवूनच जागेवर आणावे लागतात, त्यामुळे ती घट्ट असेल तर वाद्य निरुपयोगी समजा. वाद्य थोडा वेळ वाजवून गरम झाल्याशिवाय स्वर मोजणारा ट्यूनर लावू नका. जुने वाद्य असेल तर माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत का ते पाहा; ते आतून जस्त निघून गेल्याचे लक्षण असते आणि पॉलिशने जात नाही. आणि दिवसाउजेडी भेटा.

आता यंत्रणेविषयी, कारण खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर मला विचारण्यात आले की ओटीपी दिला का, लिंक उघडली का, कोणते अॅप घेतले का. सगळ्याला नाही म्हटल्यावर “मग तुम्हीच पैसे पाठवले” असे उत्तर मिळाले. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला असल्याने व्यवहार अधिकृत आहे. संकेतस्थळाने आपण केवळ मध्यस्थ आहोत असे एक छापील उत्तर पाठवले. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात खिडकीवरूनच सांगण्यात आले की विकणारा व्यापारी नाही, घरगुती वस्तू एकदाच विकणारी खासगी व्यक्ती आहे, त्यामुळे प्रकरण टिकणे कठीण. जो माणूस पेट्या भरून बनावट वाद्ये विकतो तो व्यापारी नाही हे कुणी ठरवले, असे मी विचारले, तेव्हा खिडकीवरची व्यक्ती पुढच्या अर्जदाराकडे वळली.

पोलीस ठाण्यातला प्रसंग मी आयुष्यभर विसरणार नाही. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली? दिवाणी वाद आहे,” असे म्हणून झाल्यावर अधिकाऱ्यांनी वाद्यात नेमका दोष काय ते दाखवा असे सांगितले. मी तिथेच, सगळ्यांसमोर, फुंकर मारून दोन-तीन स्वर काढले. “वाजतंय की, काका,” असे म्हणून ते मोकळे झाले, आणि बाकावर बसलेले लोक हसले. कारागिराचे लेखी मत दिले, तर ते लेटरहेडवर नाही म्हणून बाजूला ठेवले गेले. बनावट नावाचा मुद्दा काढला, तर तक्रार कंपनीने करायची असते, शिवाय ट्रेडमार्क कायद्यानुसार झडती व जप्तीचा अधिकार उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला, तोही निबंधकाचे मत घेऊनच, असे ऐकवण्यात आले. ही तरतूद खरी आहे, १९९९च्या कायद्याच्या कलम ११५ मध्ये ती आहे. पण मी जप्ती मागतच नव्हतो. वाद्य माझ्याच हातात होते. मी माझ्या फसवणुकीची नोंद मागत होतो.

घरी येऊन मी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ उघडले. फसवणुकीची व्याख्या सांगताना कायद्याने स्वतःच उदाहरणे दिली आहेत. वस्तूवर खोटी खूण करून ती नामांकित उत्पादकाची आहे असे भासवणे आणि पैसे उकळणे, हे त्यांतले एक. खोटा नमुना दाखवून वस्तू त्या नमुन्याबरहुकूम आहे असे भासवणे, हे दुसरे. माझ्या बाबतीत दोन्ही घडले. ही उदाहरणे नवी नाहीत. १८६०च्या दंडसंहितेतून ती जशीच्या तशी पुढे आली आहेत. इंग्रजांच्या काळातल्या मसुदाकारांना जे समजले होते ते माझ्या भागातल्या ठाण्याला आज समजत नाही. ठाण्यात जाताना या कलमाची उदाहरणांसकट छापील प्रत न्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि तरीही नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालय असेल तर वरिष्ठांना टपालाने लेखी कळवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी आता त्या टप्प्यावर आहे.

ओळखीच्या एका बँडमालकाने मध्यंतरी विचारले, “नाव नीट कोरलेलं आहे ना? मग मला वीस हजारांना द्या, पुढचं मी बघतो.” मी नकार दिला. पण वीस हजार ही रक्कम त्याने एका क्षणात सांगितली, यावरून या बाजाराला बनावट नावाची किंमत किती पक्की ठाऊक आहे ते लक्षात येते. ठाण्यातून मात्र मला तोंडी बजावण्यात आले आहे की वाद्य विकू नका, त्याचे नाव घासू नका, दुरुस्तीही करू नका, कारण पुढे गुन्हा दाखल झालाच तर तो मुद्देमाल ठरेल. गुन्हा दाखल झालेला नाही.